डोळ्यातला खवला

त्या दिवशी त्या खोलीत कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजे मागाहून कोनी बोलायला नको की म्हातारीला आठवत नाय. मी, हिराबाय, टेबलावर आडवी. डोळ्यातलं मांस काढनारा डॉक्टर, तरुन पोरगा, तोंडाला फडकं, म्हनून तोंड काय बघितलं नाय. त्याच्या हाताखालची नर्सबाय. दाराबाहेर बाकावर माझी धाकटी जाऊ ठकूबाय, तिचा नंबर माझ्यामागं. तिच्या बाजूला माझी सून स्वाती. आनि दारात माझा मुलगा नरेश, हातात फोन, फोटो काढत होता, कारन शिबीर त्याच्याच वाढदिवसाचं होतं. एवढी मानसं. आनि टेबलाच्या पायाशी एक निळी बादली.

बादली मी मुद्दाम सांगते. पुढं तिचं काम हाय.

आमचं गाव करावे. आता बाजूला मोठ्या मोठ्या बिल्डिंगी झाल्या, पन खाडी अजून हाय तिथंच हाय. मी सासरी आले तेव्हापासून खाडीवर जाते. हे ज्या पुस्तकात छापनार ते बाजूच्या सोसायटीतली मानसं पन वाचतात, त्यांच्यासाठी जरा फोडून सांगते. होडी-जाळं पुरुषांचं. आमचं बायकांचं काम हातानं. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, कमरेला टोपली बांधायची आनि निवटी धरायची. निवटी म्हंजे बोटाएवढा मासा, डोळे त्याचे डोक्यावर, टाळूला. पानी सरलं तरी चिखलावर बसून राहतो, उड्या मारतो. तुमाला बघितलं की सुर्रकन बिळात. मग त्या बिळाला दुसरं तोंड कुठं हाय ते शोधायचं, त्याच्यावर पाय दाबायचा, आनि पहिल्या तोंडातनं कोपरापर्यंत हात घालायचा. हाताला गार लागतो तो मासा, थरथरतो. तो लागला की मला अजून हसू येतं.

पन निवटी सगळ्यात जास्त भिते ती सावलीला. मानूस चालत आला तर एक वेळ बसून राहील, पन त्याची सावली अंगावर पडली की गेली. पाखरू आलं असं वाटतं तिला. म्हनून आमच्यात एक रीत हाय, सूर्याकडं तोंड करून चालायचं. सकाळची ओहोटी असली तर उगवतीकडं, संध्याकाळची असली तर मावळतीकडं. सावली आपली मागं पडली पायजे. माझी सासू मागनं काठी घेऊन चालायची. माझी सावली जरा वाकडी पुढं आली की पोटरीवर काठी. "सावली मागं टाक गो, मासा पळतोय," एवढंच बोलायची. डोक्यावर फडकं बांधू द्यायची, पन डोळ्यावर ओढलं की बोलायची, साहेबीन आलीस काय.

तर असं. वरनं एक ऊन, आनि ओला चिखल आरशासारखा, तो खालनं दुसरं ऊन तोंडावर फेकतो. डोळे बारीक करायचे नि चालायचं. आमच्या सगळ्या बायकांचे डोळे लाल. लाल डोळा म्हंजे काम करून आलेली बाय, असंच आमी समजायचो. कोनाच्या मनात नाय आलं की हे काय वेगळं असेल.

मग माझ्या उजव्या डोळ्यात पांढरं आलं. काळं आनि पांढरं मिळतं ना, त्या काठावर. बारीक, चमकनारं, खवल्यासारखं. आता आमी रोज मासे साफ करनाऱ्या. खवला उडतो, भुवईवर सुकतो, पापनीत अडकतो, डोळ्यात पन जातो. मी बोलले, खवला बसलाय. पान्यानं धुतलं. नाय निघाला. ठकूबायनं पदराचं टोक पिळून फिरवलं. नाय निघाला. मग आमच्यात करतात तसं तिनं माझी पापनी दोन बोटांनी वर धरली आनि जिभेनं काढायला गेली. बाहेर ओट्यावर, सगळी गल्ली बघते. दोनदा जीभ फिरवली नि थुंकली.

"खारट हाय गो."

"निघाला काय?"

"नाय. चिकटून बसलाय. तुझ्या सासूनं ठेवलाय बहुतेक, आठवन म्हनून."

आमी दोघी पोट धरून हसलो. तो खवला नव्हता. पन आमी त्याला खवला बोलत राहिलो, पावसाळा गेला, दुसरा आला. ठकूबायच्या डाव्या डोळ्यात पन तसंच काय तरी उगवत होतं. ती बोलायची, मला पन सासूची आठवन आली.

आता नरेशचं शिबीर. नरेश माझा एकुलता एक. गावठानातल्या आमच्या घरावर त्यानं मजले चढवले, भाडेकरू ठेवले, मंडळाचा अध्यक्ष झाला. पुढं त्याला निवडनुकीला उभं राहायचं हाय. वाढदिवसाला त्यानं डोळ्याचं मोफत शिबीर ठेवलं. गावात तपासलं आनि ज्यांचं काढायचं होतं त्यांना गाडीत घालून महाप्याच्या बाजूला एका लहान दवाखान्यात नेलं. तिथली ती खोली.

डोळ्यात थेंब घातले, डोळा बधिर झाला. डॉक्टर बोलला, मांस वाढलंय, काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम. मला दुखलं नाय, खोटं का बोलू. कात्रीचा आवाज आला. काढून झाल्यावर मी बोलले, "दाखव ना रे बाबा, काय काढलंस ते." इतकी वर्षं डोळ्यात घेऊन फिरले, बघावंसं वाटलं.

तो बोलला, "बघून काय करणार आजी? मांसच आहे."

आनि बादलीत टाकलं. मला आवाज पन नाय आला, एवढंसं ते. माझ्यामागं ठकूबाय गेली. तिचं पन त्याच बादलीत.

दोन दिवसांनी चौकात बॅनर लागला. नरेशचा हात जोडलेला मोठा फोटो, आनि बाजूला मी, डोळ्याला हिरवं फडकं. खाली लिहिलेलं, मातृसेवा हीच समाजसेवा. मी दुसरीपर्यंत शिकलेली, तेवढं वाचता येतं मला.

वरीस-सव्वा वरीस बरं गेलं. मग ते परत आलं. ह्या वेळी खवला नाय, फुलकोबीसारखं, आनि त्याच्याकडं लाल शिरा चाललेल्या, झाडाच्या मुळासारख्या. नरेश मला मुंबईला डोळ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. स्वाती पन आली. तिथं एक डॉक्टरीनबाय होती, वयानं नरेशएवढी, आवाज हळू. तिनं मशीनीतनं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "पहिल्यांदा काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का?"

नरेश बोलला, "मॅडम, साधं मांस होतं ते."

"साधं होतं, हे कुणी बघितलं?"

मी बोलले, बादलीनं बघितलं.

ती हसली नाय. तिनं खुर्ची माझ्याकडं ओढली आनि मला समजावून सांगितलं, मुलाला नाय, मला. मी तुमाला माझ्या शब्दात सांगते. डोळ्याच्या पांढऱ्यावर वाढतं ते सगळं सारखं नसतं. बरंचसं साधं असतं. पन काय काय कॅन्सर असतो, आनि वरनं दोन्ही एकसारखेच दिसू शकतात. म्हनून काढलेला तुकडा बाटलीत घालून पाठवायचा. त्याचे कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्यासारखे पातळ काप करतात, काचेवर ठेवून भिंगातनं बघतात. त्याच्या कडा बघतात. कडा साफ असल्या तर सगळं निघालं, नसल्या तर मूळ आत राहिलं. मग त्याला एक रंग लावतात. जी पेशी वाढायच्या घाईत हाय, तिलाच तो रंग चढतो. रंगलेल्या जास्त दिसल्या की समजायचं, हे घाईतलं हाय, ह्याच्यावर जास्त नजर ठेवायची, परत येईल. असे आनखी पन रंग असतात. म्हंजे काढून टाकलेलं मांस पन सांगत असतं पुढं काय होनार ते. माझं मांस बादलीत पडून कोनाला सांगनार होतं?

हा राग मला तेव्हा नाय आला. तेव्हा मी घाबरले होते, कारन ती बोलली, डोळा वाचवायचा प्रयत्न करू, पन मूळ बुबुळाच्या आत गेलं असेल तर आख्खा डोळा काढायला लागेल.

मग तिनं विचारपूस केली. विडी-सिगरेट? मी बोलले, मिश्री लावते. नवरा? वारला. काम काय करता? मी तोंड उघडनार तेवढ्यात स्वाती बोलली, "घरीच असतात, मॅडम. काही करत नाहीत."

काय करत नाय. सकाळीच मी चिखलातनं आलेले, नखात चिखल तसाच. मी नरेशकडं बघितलं. तो खिडकीकडं बघत होता. त्याला लाज वाटते, आई चिखलात उतरते ह्याची. दहा वेळा बोलला असेल, आई आता बस कर, लोक काय बोलतील. मी खाडीवर जाऊन त्याला वाढवला तेव्हा लोक काय बोलले नाय. तर मी पन गप्प बसले, पोराचं तोंड राखायला. आनि ज्या उन्हानं माझा डोळा खाल्ला, ते ऊन डॉक्टरीनबायला कळलंच नाय. उन्हात काम करत नाय, वय झालेली बाय, आनि एवढं वाढलंय, मग तिनं आनखी एक तपासनी लिहिली. रक्ताची.

ती तपासनी कसली ते खाली पैसे भरायच्या खिडकीतल्या पोरानं मोठ्यानं सांगितलं. एचआयव्ही. मागं रांग उभी होती.

नरेश लालबुंद झाला. "माझ्या आईला ही टेस्ट? माणसं बघून लिहा ना." तो पोरगा बोलला, साहेब, सगळ्यांना लिहितात. नरेशनं कागद चुरगळला आनि मला हाताला धरून गाडीत बसवलं. नेरूळ आलं तेव्हा स्वाती बोलली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, ओळखीच्या.

दुसरा डॉक्टर कोनी बघितला नाय. दिवस गेले, म्हैना गेला. डोळ्यातनं पानी थांबेना, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लाल झालेला. मी विचारलं की नरेश बोलायचा, बघतो, फोन करतो. आनि एक दिवस मी बघितलं, माझा चहाचा कप मोरीजवळ वेगळा ठेवलाय. चहा त्याच पातेल्यातला, कप वेगळा. तपासनी झालेली नाय, सुई पन टोचलेली नाय, नुसती लिहिली होती. माझं ताट पन वेगळं झालं. स्वातीला मी विचारलं नाय. तिच्या बाळंतपनात मी तिला उचलून न्हाऊ घातलेली हाय, तिनंच मला सांगायला पायजे होतं.

त्या दिवशी मला राग आला. आला तो अजून गेला नाय.

नरेश जेवत होता. मी समोर बसले आनि बोलले, मला हॉस्पिटलात ने. तो बोलला, "आई, तू समजून घे. गावात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मी बोलले, "लाज तुझी हाय नरेश. डोळा माझा हाय."

तो ताटावरनं उठला. मी पन उठले, ठकूबायच्या घरी गेले. ती चिंबोऱ्या, म्हंजे खेकडे, साफ करत होती. मी बोलले, चल, मुंबईला जायचंय, मला रक्त द्यायचंय. कसलं रक्त ते पन सांगितलं. तिनं हात धुतले आनि बोलली, "दोघींचं घेतात काय बघू. तुझा डोळा मी चाटलाय. मरायचं तर दोघी मरू." तिला बोलले, गप गो. पन मला बरं वाटलं.

डॉक्टरीनबाय मला बघून उभीच राहिली. कुठं होतात आजी एवढे दिवस? मी सगळं सांगितलं, कपाचं पन. मग मी बोलले, एक राहिलं सांगायचं. मी घरी बसनारी नाय. आनि खिडकीतनं ऊन येत होतं तिथं उभी राहून मी तिला दाखवलं, आमी कशा चालतो, तोंड कुठं, सावली कुठं. ठकूबाय मागनं सासूचं काम करत होती, छत्रीची काठी करून. नर्सा पन हसल्या.

डॉक्टरीनबाय नाय हसली. तिनं लिहून घेतलं. मग बोलली, हे दुखनं ज्या ज्या कारनांनी होतं त्यात ऊन पहिलं. मिश्री-तंबाखूनं पन भर पडते. आनि ज्याच्या रक्तात तो एचआयव्ही असेल त्याला हे लवकर होतं, जोरात वाढतं, म्हनून ते बघायलाच लागतं, म्हातारा असो का तरना. चालचलन बघायला नाय बघत कोन.

मी विचारलं, "रक्तात ते निघालं तर माझ्या डोळ्याला हात लावनार नाय काय?"

"उलट, आजी. मग जास्त जपायला लागेल."

हे एवढंच कोनी नरेशला खिडकीवर सांगितलं असतं, हळू आवाजात, तर! आनि नरेशनं ऐकून घेतलं असतं तर. पन ती खिडकी पन तसली आनि माझा पोरगा पन तसला.

रक्ताचं काय आलं, ते मी इथं सांगनार नाय. गावात विचारतात, आडून आडून. नरेश बोलतो, सांगून टाक ना आई, काय नाय निघालं असं सांग, विषय मिटेल. मी नाय सांगनार. निघालं असतं तरी मी हीच हिराबाय, आनि नसतं तरी हीच. ज्याला हौस हाय त्यानं आपलं रक्त देऊन यावं.

मग त्यांनी वरचा तुकडा काढला. ह्या वेळी मी मागायच्या आधीच नर्सबायनं बाटली माझ्यापुढं धरली. पान्यासारख्या औषधात तो तरंगत होता, सुक्या जवळ्याएवढा. बाटलीवर माझं नाव. मी बराच वेळ बघत बसले. ह्याच्यासाठी केवढं झालं.

त्या तुकड्यानं सांगितलं, घाईतलं हाय. रंग पुष्कळ चढला होता. कडा साफ नव्हत्या. आनि मशीनीनं सांगितलं, मूळ आत गेलंय. डोळा काढायला पायजे, नाय तर पुढं कानाजवळच्या गाठीत उतरेल, मानेत उतरेल.

मी डॉक्टरीनबायला एकच विचारलं. माझा डोळा कोनी नेला, बादलीनं का त्या म्हैन्यानं? पहिला तुकडा तपासला असता तर वाचला असता काय? ती बोलली, "आजी, वाचण्याची संधी जास्त असती. नक्की वाचला असता हे मी सांगू शकत नाही. तो तुकडाच नाही ना आपल्याकडे." खोटं नाय बोलली, म्हनून मी तिला हात जोडले.

डोळा काढायच्या दिवशी नरेश आला होता. बाकावर माझ्या बाजूला बसला, माझा हात धरून. बोलला, "आई, त्या शिबिरवाल्यांना मी सोडणार नाही."

मी बोलले, "तूच शिबिरवाला रे."

तो रडला. माझंच पोर हाय, मी पन त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. पन त्यानं कोनाला धरलं नाय, कोनाला विचारलं नाय. विचारलं असतं तर बॅनरवरचं नाव त्याचंच निघालं असतं. मी त्याला सांगितलं, पुढच्या वाढदिवसाला परत शिबीर ठेव, पन बाटल्या ठेव, तुकडे तपासायचा खर्च ठेव. पुढच्या वाढदिवसाला त्यानं छत्र्या वाटल्या. त्याच्या नावाच्या. माझ्याकडं एक हाय, उन्हात वापरते.

आता माझ्या उजव्या बाजूला बसवलेला डोळा हाय, चांगला हाय, माझ्यापेक्षा तरना दिसतो. ठरल्या तारखेला हॉस्पिटलात जाते, कानाजवळ, मानेला दाबून बघतात. एका डोळ्यानं बीळ किती लांब हाय ते कळत नाय, हात बाजूला पडतो. म्हनून चिखलात नाय उतरत, बांधावर बसते, बायकांनी आनलेली निवटी निवडते. ठकूबाय अजून उतरते. ती निवडनुकीत वाटलेली टोपी घालते, पक्षाचं नाव आत दुमडून. टोपीची सावली तिच्या नाकापर्यंतच पडते, निवटीपर्यंत पोचत पन नाय. एवढं सोपं होतं. सासूला दाखवायला पायजे होतं.

ठकूबायला मी जबरदस्तीनं माझ्याबरोबर तपासायला नेते. आतापर्यंत काय दिसलं नाय. पन परतताना बसमध्ये ती दर खेपेला एकच विचारते, "माझं काय होतं गो मग? साधं होतं का तुझ्यासारखं?"

तिला कोन सांगनार. तिचं पन त्याच बादलीत गेलं.

मी बोलते, नात लिहिते. नरेश हे वाचेल, वाचू दे.

वाचनाऱ्यांना माझं मागनं हाय ते एवढं. डोळ्यातलं मांस कोनी काढलं, मोफत काढलं तरी, तुकडा कुठं जातो ते विचारा, बाटलीत घाला बोला. रक्त तपासायला सांगितलं तर द्या, आनि कोनाचा कप वेगळा करू नका. आनि तुमच्या दारात निवटी, चिंबोऱ्या घेऊन बाय येते ना, तिनं टोपली उतरवली की भाव विचारायच्या आधी उजेडात तिच्या डोळ्यात बघा. काठावर पांढरं दिसलं तर तिला सांगा. ती बोलेल, खवला हाय. तुमी बोला, नाय.